डाव्या हाताचा ग्रंथ आणि भोवतीची माणसे

जोतीरावांनी 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' डाव्या हाताने लिहिले, हे वाक्य आपल्याकडे भाषणांतून हमखास येते. ११ एप्रिल असो की २८ नोव्हेंबर, वक्ता या वाक्यापाशी आला की त्याचा आवाज चढतो, सभा टाळ्या वाजवते आणि भाषण पुढे सरकते. मीही हे वाक्य अनेकदा उच्चारले आहे. मावळातल्या वस्त्यांवर, लोणावळ्याच्या विहारात, महाविद्यालयाच्या सभागृहात उच्चारले आहे. त्याचा अर्थ मात्र माझे वडील अंथरुणाला खिळले तेव्हा कळू लागला. उजवा हात मेला म्हणजे काय होते आणि डाव्या हाताला पहिले अक्षर किती दिवसांनी येते, हे डोळ्यांसमोर पाहिले. मग जोतीरावांच्या त्या नऊ महिन्यांकडे मी पुन्हा वळलो. हा लेख त्या वळण्यातून आला आहे.

प्रस्तुत लेखाचा मुद्दा एवढाच की, डाव्या हाताचा हा ग्रंथ आपण एका असामान्य पुरुषाच्या इच्छाशक्तीचा चमत्कार म्हणून सांगतो, आणि तसे सांगताना त्या हाताभोवती उभ्या असलेल्या माणसांना इतिहासातून पुसतो. चमत्कार सांगण्याची सवय ही आपली नव्हे. ती ज्यांच्याशी जोतीरावांनी जन्मभर झुंज दिली त्यांची आहे.

१

प्रथम घटनाक्रम पाहू. १८८८ हे साल जोतीरावांच्या आयुष्यात फार मोठे होते. मार्च महिन्यात पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभाला ते शेतकऱ्याच्या वेषात गेले आणि सरदार-दरबाऱ्यांच्या झगमगाटात हिंदुस्थानची खरी रयत कशी दिसते ते त्यांनी दाखवले. ११ मे रोजी मुंबईत मांडवी येथील सभेत कष्टकरी जनतेने त्यांना 'महात्मा' ही पदवी दिली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांना पक्षाघाताचा झटका आला. शरीराचे उजवे अंग निकामी झाले.

हे शरीर काही नाजूक नव्हते. लहुजी वस्ताद साळवे यांच्या तालमीत घडलेले, दांडपट्टा फिरवलेले, बंदुकीचा नेम धरलेले हे शरीर होते. मांग समाजातील गुरूने माळी समाजातील शिष्याला दिलेले ते बळ होते. पुढे बांधकामाच्या कंत्राटदारीत जोतीराव उन्हातान्हात मजुरांमध्ये वावरले. त्या अनुभवातून सरकारी खात्यांतील लुबाडणूक त्यांनी जवळून पाहिली आणि लिहूनही काढली. असा माणूस वयाच्या एकसष्टाव्या वर्षी एका दिवसात परस्वाधीन झाला.

परंतु १ एप्रिल १८८९ पर्यंत ग्रंथ लिहून पूर्ण झाला होता. म्हणजे झटक्यानंतर जेमतेम नऊ महिने. या नऊ महिन्यांत आणखी एक गोष्ट घडली, तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी दत्तक मुलगा यशवंत याचा विवाह सत्यशोधक पद्धतीने ज्ञानोबा ससाणे यांच्या कन्येशी झाला. अर्धे अंग लुळे असताना या गृहस्थाने भटाशिवाय घरचे लग्न लावले आणि भटाशिवाय जन्म, लग्न, मरण कसे पार पाडावे हे सांगणारे पुस्तकही लिहीत आणले. जगण्याचा व्यवहार आणि लेखन त्यांनी एकमेकांपासून तोडले नाहीत.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. उजवे अंग लुळे पडते तेव्हा इजा मेंदूच्या डाव्या बाजूस झालेली असते, आणि बहुतेक माणसांत भाषेचे केंद्रही त्याच बाजूस असते. म्हणून अशा अनेक रोग्यांची वाचा जाते. बोलावेसे वाटते, शब्द सापडत नाही. जोतीरावांची भाषा शाबूत राहिली याचा पुरावा ग्रंथाचे प्रत्येक पान देते. मात्र हात नव्याने घडवावा लागला. आज वैद्यकशास्त्र सांगते की मेंदूचा मेलेला भाग परत येत नाही, पण उरलेला भाग सरावाने नवी कामे शिकू शकतो. हा सराव म्हणजे एकच हालचाल शेकडो वेळा करणे. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा झपाट्याने होते, पुढे ती मंदावते, पण थांबतेच असे नाही. १८८८ मध्ये हे शास्त्र नव्हते. सराव मात्र होता.

२

आता भोवतीची माणसे पाहू.

पहिले नाव डॉ. विश्राम रामजी घोले यांचे. गवळी समाजात जन्मलेले हे गृहस्थ नामांकित शल्यवैद्य झाले, व्हाइसरॉयचे मानद असिस्टंट सर्जन झाले. सत्यशोधक समाजाचे ते आघाडीचे कार्यकर्ते होते आणि समाजाचे अध्यक्षपदही त्यांनी सांभाळले होते. जोतीरावांवर उपचार केले ते त्यांनी. ज्या काळी शूद्रातिशूद्रांच्या आजारावर मांत्रिक, पंचाक्षरी आणि नवस हेच औषध होते, त्या काळी चळवळीजवळ स्वतःचा डॉक्टर होता ही साधी गोष्ट नव्हे. १८४८ पासून शिक्षणाचा जो आग्रह जोतीराव-सावित्रीबाईंनी धरला, त्याच काळात अशी माणसे वर येत होती. ज्या समाजाला शिकवायचे त्याच समाजातल्या शिकलेल्या माणसाने शेवटी शिक्षकाची नाडी धरली.

दुसरे नाव सावित्रीबाईंचे. पक्षाघाताचा रोगी सांभाळणे म्हणजे काय हे ज्यांच्या घरात झाले आहे त्यांना सांगायला नको. कूस बदलणे, उठवणे, न्हाऊ घालणे, घास भरवणे, रात्री दोनदा-तीनदा जागणे. आणि हे करताना समोरच्याचा स्वाभिमान दुखावणार नाही याची काळजी घेणे. चरित्रकारांनी सावित्रीबाईंच्या अंगावरचा चिखल, शेण आणि दगड मोजले, ते योग्यच झाले. या सव्वादोन वर्षांची सेवा मात्र कोणी मोजली नाही. ती घरातली, म्हणून इतिहासाबाहेरची, असे गृहीत धरले गेले.

तिसरा यशवंत. तो तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा. एका ब्राह्मण विधवेच्या पोटी आलेले, समाजाने टाकलेले हे पोर फुले दांपत्याने आपले केले होते. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' उघडून पाहा. ते प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे, आणि प्रश्न विचारणाऱ्यांत हा यशवंत आहे. त्याच्याबरोबर बळवंतराव साकवळकर, गणपतराव थोरात अशी आणखी माणसे नावानिशी येतात. संवादाची ही पद्धत जोतीरावांनी १८७३ च्या 'गुलामगिरी'तही वापरली होती. पण तेथे धोंडिबा हा एकच प्रश्नकर्ता आहे. येथे प्रश्नकर्त्यांची रांगच आहे. अर्धे अंग गेलेला माणूस जे पुस्तक लिहितो त्यात तो एकटा बोलत नाही, माणसे येऊन बसतात, विचारतात, तो उत्तर देतो. याला केवळ लेखनाची पद्धत म्हणून सोडून देता येणार नाही. त्या पुस्तकातली गर्दी हीच त्या आजारपणाची साक्ष आहे असे मला वाटते.

आणि त्या पुस्तकात उत्तरे कोणती आहेत? दैव खोटे, आकाशातील ग्रहांचा माणसाच्या सुखदुःखाशी संबंध नाही, निर्मिकाला मध्यस्थ लागत नाही, स्त्री आणि पुरुष समान हक्कांचे. पक्षाघाताला आपल्याकडे 'अंगावरून वारे गेले' म्हणतात. हे वारे कोणाचे, कोणत्या देवाचे, कोणत्या पूर्वजन्मीच्या पापाचे, ही चौकशी लगेच सुरू होते. ज्याच्या अंगावरून असे वारे गेले तोच माणूस त्याच अंथरुणावरून सांगतो की दैव नावाची गोष्ट नाही. कर्मविपाकाचा इतका रोखठोक पराभव मला दुसरीकडे कोठे दिसलेला नाही.

येथे एक शंका येईल. घरात लिहिता येणारी माणसे होती. सावित्रीबाई कवयित्री, यशवंत शिकणारा मुलगा, भोवती 'दीनबंधु'त लिहिणारे कार्यकर्ते. मग जोतीरावांनी मजकूर सांगून लिहवून का घेतला नाही? डाव्या हाताने एकेक अक्षर ओढत बसण्याचा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर कागदपत्रांत सापडणार नाही. ते मी माझ्या अनुभवावरून देतो.

३

माझे वडील मध्य रेल्वेत गँगमन म्हणून लागले आणि घाटातच निवृत्त झाले. बोरघाटाचा हा लोहमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. १८६१ साली या एका घाटात बेचाळीस हजारांवर मजूर राबत होते. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये वारला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम पुढे नेले, हे इतिहासात नोंदले आहे. पटकी-हिवतापाने आणि दरडीखाली मेलेल्या मजुरांची नावे कोठे नोंदलेली नाहीत. माझ्या आजोबांना सही येत नव्हती. पगाराच्या कागदावर ते अंगठा उठवीत. वडील मात्र रात्रीच्या शाळेत अक्षरे शिकले आणि पहिल्या पगाराला त्यांनी सही केली. ती सही ते आम्हा भावंडांना काढून दाखवीत. आमच्या घरातला तो पहिला शिलालेख. मी पुढे पदवीधर झालो, प्राध्यापक झालो, तो त्या सहीच्या खांद्यावर उभा राहून.

चार वर्षांपूर्वीच्या आषाढात, पाऊस कोसळत असताना, पहाटे त्यांच्या हातून पाण्याचा तांब्या गळून पडला. तोंड वाकडे झाले, शब्द फुटेना. रक्ताच्या गुठळीमुळे आलेल्या झटक्यात गुठळी विरघळवणारे औषध साडेचार तासांच्या आत मिळाले तर उपयोगी पडते, हे मला तेव्हा माहीत नव्हते. एम.ए. झालेल्या माणसाला माहीत नव्हते, हे मी लाजेने लिहितो. नातेवाईक म्हणाले, वारे गेले आहे, आधी भगताकडे दाखवू. मी विरोध केला, पण पुरेसा केला नाही. जयंतीला दैवाविरुद्ध बोलणारा मी त्या सकाळी गप्प राहिलो. रुग्णालयात पोहोचेपर्यंत दुपार टळली होती.

जीव वाचला. घरी आणताना एका डॉक्टरांनी सांगितले की आता हे असेच राहणार, सेवा करा. आम्ही सेवा केली. मी त्यांच्या सदऱ्याची बटणे लावीत असे, घास भरवीत असे, पेला ओठाला लावीत असे. ते भिंतीकडे तोंड करून पडत. नोव्हेंबरमध्ये निवृत्तिवेतनासाठी हयातीचा दाखला द्यायचा होता. समोरच्या कारकुनाने शाईचे पॅड पुढे सरकवले; त्यात त्याचा काही दोष नव्हता, नियमच तसा. आता यंत्रावर सगळ्यांचाच अंगठा लागतो. पण शाईचा अंगठा वेगळा. मी वडिलांचा डावा अंगठा धरून कागदावर टेकवला. तेव्हा ते रडले. झटका आल्यापासून पहिल्यांदा रडले. दोन पिढ्यांत मिळवलेले आम्ही एका क्षणात परत केले होते.

त्यानंतर आमच्या घरी त्यांच्याच गँगमधले एक निवृत्त मुकादम आले. दारात उभे राहून त्यांनी मला बटणे लावताना पाहिले आणि म्हणाले, "मास्तर, तू त्याच्या हातातलं काम काढून घेतोस. नव्या पोराला पहार झेपत नसली तरी आम्ही ती त्याच्या हातातून काढून घेत नव्हतो. शेजारी उभं राहायचो."

शेजारी उभे राहायचे, पण पहार काढून घ्यायची नाही. जोतीरावांविषयीच्या शंकेचे उत्तर मला तेथे मिळाले. त्यांनी मजकूर सांगून लिहवून घेतला नाही, कारण दुसऱ्याने आपल्यासाठी बोलावे, दुसऱ्याने आपल्यासाठी मंत्र म्हणावा, दुसऱ्याने आपल्यासाठी वाचावे, या परावलंबनाविरुद्धच त्यांचे सारे आयुष्य गेले होते. आणि भोवतीच्या माणसांचे मोठेपण यात की त्यांनी त्यांच्या हातातली लेखणी काढून घेतली नाही. ती शेजारी उभी राहिली.

४

त्यानंतर आमच्या वस्तीत जे झाले ते ठरवून झाले, आपोआप झाले नाही. प्रारंभी घर माणसांनी भरून गेले होते. महिन्याभरात पाय ओसरले. सहानुभूतीचे आयुष्य तेवढेच असते. मुकादमांनी विहारात बैठक बोलावली आणि पाळ्या लावल्या, जशा रुळांवरच्या गस्तीच्या लागतात. सकाळी दोन जुने गँगमन वडिलांना दोन्हीकडून धरून चालवीत. आधी अंगणात, मग गल्लीच्या टोकापर्यंत, मग विहारापर्यंत. पुण्याच्या एका दवाखान्यात वॉर्डबॉय असलेला मुलगा तेथे पाहिलेले व्यायाम घेई, आणि आठवड्यातून एकदा लोकलने पुण्याला नेऊन ते बरोबर आहेत की नाही हे तज्ज्ञांकडून तपासून घेत असू. महिला मंडळाच्या बायकांनी आणखी एक शहाणपण केले. त्यांनी पाळ्या लावल्या त्या माझ्या आईसाठी. दुपारी दोन तास तिला झोपू द्यायचे. तिची पाठ गेली होती, हे आम्हा मुलांच्या लक्षातही आले नव्हते.

वाचेचा प्रश्न मोठा होता. वडिलांना स्वतःचे नाव सांगता येत नव्हते. पण एका रविवारी विहारात सर्वांबरोबर त्रिशरण सुरू झाले आणि त्यांच्या तोंडून शब्द बाहेर पडले, अडखळत, पण सुरात. आम्ही थक्क झालो. पुढे तज्ज्ञांनी उलगडा केला. पाठ असलेले, तालासुरात म्हटलेले शब्द बोलण्याच्या नेहमीच्या वाटेने येत नाहीत, मेंदूची दुसरी बाजू त्यांना आधार देते. म्हणून वाचा गेलेली माणसेही पुष्कळदा गाऊ शकतात. यात दैवी काही नाही. पण एक गोष्ट शास्त्रानेही मान्य करावी लागेल. ते शब्द एकट्याने निघाले नव्हते. पन्नास माणसांच्या आवाजाला धरून ते वर आले.

नववीतली एक मुलगी रोज संध्याकाळी पाटी घेऊन येई आणि त्यांच्या डाव्या हाताकडून अक्षरे गिरवून घेई. ती चुका दाखवी, ते चिडत, ती हसे. तिला मी जोतीरावांची गोष्ट सांगितली तेव्हा तिने विचारले, "सर, मग त्यांना पाटीवर कोणी शिकवलं?" मी निरुत्तर झालो. इतक्या वर्षांत इतक्या भाषणांत हा प्रश्न मला पडला नव्हता.

दुसऱ्या नोव्हेंबरात वडिलांनी डाव्या हाताने सही केली. नमुना सही बदलण्याचा अर्ज आधी भरावा लागला. सही वाकडी आहे, वेलांटी खाली घसरते. पण ती त्यांची आहे. आज ते काठीने विहारापर्यंत एकटे जातात. उजवा हात परत आलेला नाही, येणारही नाही. बटण लावायला त्यांना अजूनही बराच वेळ लागतो आणि आम्ही तो लागू देतो.

५

स्वावलंबन या शब्दाचा आपण फार उथळ अर्थ लावला आहे. कोणाचाही आधार न घेता उभा राहतो तो स्वावलंबी, असे आपण मुलांना शिकवतो. आमच्या मावळात याला उलट साक्ष देणारे एक स्थळ आहे. लोणावळ्याजवळच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात सदतीस स्तंभ आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे हे लेणे एका राजाने बांधलेले नाही. तेथील ब्राह्मी लेख वाचा. वैजयंतीचा शेठ भूतपाल आहे, धेनुकाकटचे यवन आहेत, दाराचे काम करणारा सामि नावाचा सुतार आहे, सिंहदत्त नावाचा अत्तरविक्या आहे. दाता बदलतो, तसा स्तंभ बदलतो. कोणताही एक स्तंभ छत पेलत नाही, आणि कोणताही स्तंभ दुसऱ्यावर टेकून उभा नाही. सहयोग आणि स्वावलंबन यांत विरोध नसतो, हे इतक्या साध्या रीतीने दगडात लिहिलेले आहे.

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग येतो. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता आणि कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आणि आनंदांनी त्याला स्वतःच्या हातांनी धुतले, उचलून बिछान्यावर ठेवले. मग संघाला बोलावून समज दिली की, घर सोडून आलेल्या तुम्हाला आईबाप नाहीत. तुम्ही एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? त्याच ठिकाणी रोग्याचीही कर्तव्ये सांगितली आहेत. औषध घ्यावे, पथ्याची मर्यादा ओळखावी, दुखणे कसे आहे ते शुश्रूषा करणाऱ्याला खरे सांगावे. म्हणजे रोगी हा दयेचा विषय नाही, तो स्वतःच्या बरे होण्यातला कर्ता आहे.

असे असताना आपल्या चळवळीने शुश्रूषेला इतिहासात जागा का दिली नाही? बाबासाहेबांचे उदाहरण घ्या. आमच्या तळेगावात त्यांचा बंगला आहे. देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी बुद्धमूर्तीची स्थापना केली. मावळची म्हातारी माणसे त्या दिवसाच्या आठवणी अजून सांगतात. त्या वर्षांत मधुमेह आणि पायांच्या दुखण्याने ते जर्जर झाले होते. त्याच शरीरातून त्यांनी 'बुद्ध आणि त्याचा धम्म' पुरा केला. १९५६ मध्ये लिहिलेल्या प्रस्तावनेत आजारातून आपल्याला वर काढणाऱ्या पत्नीचे आणि डॉ. मालवणकर यांचे ऋण त्यांनी स्पष्ट शब्दांत मान्य केले. ग्रंथ १९५७ मध्ये, त्यांच्या पश्चात, प्रसिद्ध झाला. त्या पहिल्या आवृत्तीत ही प्रस्तावना छापली गेली नाही. त्यामागच्या वादात मी येथे शिरत नाही. एवढेच नोंदवतो की ग्रंथ राहिला आणि शुश्रूषेची कबुली गळाली. जोतीरावांचा ग्रंथही त्यांच्या पश्चातच, १८९१ मध्ये, यशवंताने प्रसिद्ध केला. आपले दोन धर्मग्रंथ दोन आजारी शरीरांतून आले, आणि दोन्हींच्या मागचे हात आपण विसरलो.

६

हे सारे लिहिताना त्या काळाच्या उणिवा झाकून चालणार नाही. आजारपणात जोतीरावांचे घर आर्थिक ओढाताणीत सापडले. चळवळीसाठी पदरचे खर्च करणाऱ्या माणसाजवळ स्वतःसाठी काही उरले नाही. जुलै १८९० मध्ये मामा परमानंद यांना बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे या कुटुंबाच्या मदतीसाठी पत्र लिहावे लागले. परमानंदांनी ते लिहिले हे त्यांचे औदार्य. पण ते लिहावे लागले ही आपली उणीव. २८ नोव्हेंबर १८९० रोजी जोतीराव गेले. दत्तकाच्या हक्कावरून भाऊबंदांनी अंत्ययात्रेपुढे वाद घातला तेव्हा सावित्रीबाईंनी टिटवे स्वतःच्या हाती घेतले आणि त्या पुढे चालल्या.

आणि तरीही ही कथा तेथे संपत नाही. अंथरुणावरच्या वडिलांना प्रश्न विचारणारा तो मुलगा डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याने पुण्याजवळ रोग्यांसाठी दवाखाना चालवला. मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई त्या दवाखान्यात आल्या, आणि त्याच साथीत १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. घोल्यांनी जोतीरावांची, सावित्रीबाईंनी जोतीरावांची, यशवंताने अस्पृश्य वस्तीतल्या पोराची शुश्रूषा केली. सत्यशोधक इतिहासातली ही परंपरा ठराव आणि सभा यांच्यापेक्षा कमी महत्त्वाची नाही.

आज महाराष्ट्रात जोतीरावांच्या नावाने जनआरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झालेल्या या योजनेला २०१७ मध्ये महात्मा फुले यांचे नाव मिळाले. ज्यांच्या उपचारासाठी पत्र लिहावे लागले त्यांच्या नावाने गरिबांचे उपचार व्हावेत, हे चांगलेच आहे. पण अशी योजना मुख्यतः रुग्णालयाच्या दारापर्यंतची असते. घरी परतल्यावरचे वर्ष कोणाचे? चालवायचे कोणी, अक्षर गिरवून घ्यायचे कोणी, आईला दोन तास झोपू द्यायचे कोणी? लोणावळा-खंडाळ्याची हवा श्रीमंतांच्या प्रकृतीला मानवते म्हणून येथे बंगले उठले. त्या बंगल्यांत राबणारी बाई अंगावरून वारे जाऊन पडली तर तिच्यासाठी काय आहे?

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी हा प्रश्न आपला मानला पाहिजे. प्रत्येक विहारात, प्रत्येक मंडळात दोन गोष्टी सहज होऊ शकतात. तोंड वाकडे झाले, हात गळाला, बोली अडखळली की भगताकडे न जाता तासाच्या आत रुग्णालय गाठायचे, हे घराघरांत सांगणे ही पहिली. घरी परतलेल्या माणसासाठी वर्षभराच्या पाळ्या लावणे ही दुसरी. यासाठी देणगी लागत नाही. वही आणि मुकादम लागतो.

गेल्या ११ एप्रिलला आमच्या विहारात मी पुन्हा तेच वाक्य उच्चारले. आवाज चढवला नाही. जोतीरावांनी डाव्या हाताने ग्रंथ लिहिला, एवढे म्हणून थांबलो आणि त्या नववीतल्या मुलीला उठून तिचा प्रश्न विचारायला सांगितले. आता ती दहावीही पार करून गेली आहे. तिने विचारले, त्यांना कोणी शिकवले? सभेत शांतता पसरली. मग एकेक नाव पुढे येऊ लागले: सावित्रीबाई, घोले, यशवंत. नंतर कोणी तरी आमच्या वस्तीतल्या मुकादमांचे नाव घेतले, कोणी माझ्या आईचे. वडील पुढच्या रांगेत बसले होते. त्यांनी डावा हात वर केला आणि त्या मुलीकडे बोट दाखवले.